माणसाच्या जीनोममध्ये नैसर्गिक निवडीची खूण: ती ओळखायची कशी आणि फसगत कुठे होते

पारंबी

गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक लांबलचक मजकूर फिरत होता. अमुक एक जनुक आपल्या जातीत इतरांपेक्षा जास्त आढळते, त्या अर्थी ते पूर्वजांच्या उपयोगी पडले असणार आणि म्हणूनच निसर्गाने ते निवडले, असा त्याचा एकूण सूर होता. मी काही वर्षे जनुकीय माहितीच्या विश्लेषणाचे काम केले आहे हे ठाऊक असल्यामुळे मामांनी मलाच विचारले, "हे खरे का गं?" दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा धागा काढला आहे.

"जास्त आढळते" आणि "निवडले गेले" या दोन विधानांमध्ये मोठी दरी आहे. नवे उत्परिवर्तन पहिल्यांदा घडते तेव्हा ते एकाच माणसात असते, आणि त्या माणसाला मुले किती होतील, त्यांतील किती जगतील व कोणाकडे ते उतरेल हा बराचसा नशिबाचा भाग असतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९२७ मध्येच दाखवून दिले होते की, एखादे उत्परिवर्तन दर पिढीला १ टक्का फायदा करून देत असले तरी ते टिकण्याची शक्यता जेमतेम २ टक्के असते. म्हणजे अशी शंभर उपयुक्त उत्परिवर्तने घडली, तर त्यांतील अठ्ठ्याण्णव पहिल्या काही पिढ्यांतच विझून जातात. याची दुसरी बाजू अशी की, ज्यांचा ना फायदा ना तोटा अशी जनुकांची असंख्य रूपे केवळ योगायोगाने सर्वत्र पसरतात. जपानचे किमुरा यांनी १९६८ मध्ये यावर अख्खा सिद्धांत उभा केला. योगायोगाच्या या चढउताराला ड्रिफ्ट म्हणतात. हा धागा वाचताना दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण हा शब्द लक्षात ठेवावा.

मग खरा पुरावा कोणता? तो संख्येपेक्षा वेगात असतो. एखादे रूप योगायोगाने निम्म्या लोकसंख्येपर्यंत पोहोचायला सामान्यतः लाखो वर्षे लागतात, पण निवडीचा रेटा असेल तर तेच काम काही हजार वर्षांत होते. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, ते रूप किती जुने आहे हे कसे कळणार. येथे निसर्गाने आपली सोय करून ठेवली आहे. कोरा पत्त्यांचा जोड एकदा-दोनदा पिसला तर बदामची सत्ती, अठ्ठी आणि नव्वी अजूनही एकमेकींना चिकटलेल्या सापडतात; पन्नास वेळा पिसला तर त्यांची ताटातूट झालेली असते. गुणसूत्रांचेही दर पिढीला असेच पिसणे होते. उत्परिवर्तन ज्या गुणसूत्रावर घडले, त्यावरील शेजारची डीएनएची अक्षरे सुरुवातीला त्याच्यासोबत प्रवास करतात आणि मग हळूहळू तुटत जातात. दहा लाख अक्षरांच्या अंतरात हे तुटणे दर पिढीला सरासरी १ टक्का वेळा होते. त्यामुळे दीडशे पिढ्या, म्हणजे साधारण चार हजार वर्षे लोटल्यावरही उत्परिवर्तनाच्या प्रत्येक बाजूला सरासरी साडेसहा लाख अक्षरांचा अखंड तुकडा शिल्लक असतो. लाखो वर्षे जुन्या रूपाभोवती मात्र काही हजार अक्षरेच उरतात.

या गणिताचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे दूध पचवणे. दुधातील साखर फोडणारे लॅक्टेज हे विकर बहुतेक सस्तन प्राण्यांत बालपणानंतर आटते. ज्या माणसांत ते आटत नाही, त्यांतील युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये दुसऱ्या गुणसूत्रावर लॅक्टेजच्या जनुकापासून सुमारे १३,९१० अक्षरे आधी, तेही शेजारच्या वेगळ्याच जनुकाच्या पोटात, एका सी चा टी झालेला असतो. २००२ मध्ये फिनलंडच्या कुटुंबांवरून हा बदल सापडला. दोन वर्षांनी असे दिसले की, उत्तर युरोपात इतक्या मोठ्या प्रमाणावर असलेल्या या रूपाभोवतीचा अखंड तुकडा दहा लाख अक्षरांहून लांब आहे. इतके सर्रास आढळणारे आणि तरीही इतके कोवळे रूप निव्वळ योगायोगाने घडणे जवळजवळ अशक्य आहे. पुढे २००७ मध्ये टांझानिया, केनिया आणि सुदान येथील पशुपालकांत त्याच परिसरात, पण वेगळ्या अक्षरांवर झालेले बदल सापडले आणि त्यांच्याभोवतीही असाच लांबलचक तुकडा निघाला. एकच गरज, दोन खंड, वेगवेगळी उत्परिवर्तने. एखाद्या ठिकाणी निवड झाली असे मी छातीठोकपणे म्हणते, तेव्हा त्यामागे इतका पुरावा असावा अशी माझी अपेक्षा असते.

साय

लेख फार आवडला. एक बाळबोध प्रश्न विचारते. आपल्याकडे घरोघरी दूध-दही चालते, मग भारतातील माणसांनी हे रूप स्वतंत्रपणे मिळवले की बाहेरून आले? आणि माझ्या सासूबाईंना दूध अजिबात चालत नाही, पण ताक वाटीवाटीने चालते, ते कसे?

पारंबी

प्रश्न मुळीच बाळबोध नाही. २०१२ मध्ये भारतातील दोन हजारांहून अधिक लोकांचा याच दृष्टीने अभ्यास झाला. भारतात प्रामुख्याने तेच युरोपातील रूप आहे, आणि ते त्याच शेजारी अक्षरांसह येते. म्हणजे दोन्हीकडे त्याचा उगम एकच आहे. वायव्येकडून आग्नेयेकडे जाताना त्याचे प्रमाण घटत जाते. नीलगिरीतील म्हशी पाळणाऱ्या तोडा समाजासारखे ठळक अपवाद वगळता, दक्षिणेत आणि पूर्वेकडे ते कमी आहे.

सासूबाईंच्या ताकाचे कोडे सोपे आहे. विरजणातील जिवाणू साखरेचा बराचसा भाग आधीच फस्त करतात. पण याच गोष्टीने संशोधकांना अडचणीत टाकले आहे. दही, ताक, चीज करता येत असेल, तर दूध पचण्याचा असा कोणता जीवनमरणाचा फायदा होता? २०२२ मध्ये युरोपातील प्राचीन मडक्यांत मुरलेल्या दुधाच्या स्निग्धांशाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोक हजारो वर्षे दूध वापरत होते, पण हे रूप मात्र फार नंतर पसरले, असे त्यात दिसते. प्राचीन हाडांतील डीएनएही तेच सांगतो. रूपाची खरी वाढ गेल्या चारेक हजार वर्षांतली आहे. उपासमारीत किंवा रोगराईत अतिसार जिवावर बेतत असावा आणि तेव्हाच निवडीने जोर धरला असावा, असे त्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. निवड झाली हे सांगणे आणि ती कशामुळे झाली हे सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम जीनोम, म्हणजे माणसाचा संपूर्ण डीएनए, करू शकतो, दुसरे बहुधा नाही.

वैनगंगाकाठ

मी गडचिरोलीच्या बाजूला वैद्यकीय काम करतो. आमच्याकडे निवडीचे उदाहरण पुस्तकात शोधावे लागत नाही, ते रोज परीक्षानळीत दिसते. सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या प्राथमिक तपासणीत बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तो द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघा मारलेला कागद धरतात. रक्त साधे असेल तर द्रावण पारदर्शक राहते आणि रेघा स्वच्छ वाचता येतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि रेघा नाहीशा होतात. मग माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे कळण्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. शाळेतील मुले रांगेत उभी असतात, आणि रेघा पुसल्या गेल्या की शेजारची बाई काही न बोलता नाव वेगळ्या वहीत लिहून घेते.

अकराव्या गुणसूत्रावरील एका अक्षराचा हा फरक. जनुकाच्या आईकडची आणि वडिलांकडची अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर आयुष्यभराचे दुखणे. एकच असेल तर गंभीर फाल्सिपेरम मलेरियापासून सुमारे ९० टक्के संरक्षण. अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत मलेरियाशी असलेला हा संबंध दाखवला, आणि भारतात नीलगिरीच्या आदिवासींत हे हिमोग्लोबिन १९५२ मध्येच सापडले होते. विदर्भात, तसेच नंदुरबारकडे याचा भार मोठा आहे. माझा प्रश्न असा की, पारंबीताईंनी सांगितलेला "वेग" येथे कसा लागू होतो? हे रूप शंभर टक्क्यांकडे तर कधीच जाऊ शकत नाही.

मध्यमपद

डॉक्टर, या प्रश्नाचे गणित सुटसुटीत आहे, म्हणून मध्ये बोलतो. मी संख्याशास्त्र शिकवतो. जीवशास्त्रात चुकलो तर सांगावे. समजा, मलेरियामुळे साध्या हिमोग्लोबिनच्या लोकांचा वाहकांच्या तुलनेत दर पिढीला १० टक्के तोटा होतो, आणि जुन्या काळी दोन्ही प्रती बिघडलेले मूल वाढून संसाराला लागत नसे, म्हणजे तोटा १०० टक्के. अशा वेळी बिघडलेल्या रूपाचे प्रमाण ०.१ भागिले १.१, म्हणजे सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावते. वाहकांचे प्रमाण १६-१७ टक्के येते. ते याहून वाढले तर रुग्ण वाढून निवड ते खाली ओढते, कमी झाले तर मलेरिया वर ढकलतो. तराजूचा काटा मध्येच थांबतो तसे.

आता मलेरिया पूर्णपणे नाहीसा झाला असे धरा. मग ९ टक्क्यांचे साडेचार टक्के व्हायला याच गृहीतकावर अकरा पिढ्या, म्हणजे पावणेतीनशे वर्षे लागतील. प्रत्यक्षात याहून अधिक लागतील, कारण उपचारांमुळे रुग्ण आता जगतात, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. मलेरिया हटला की सिकल सेल आपोआप जाईल, असे कोणी म्हणत असेल तर त्याला हे गणित दाखवावे.

मात्र पारंबीताई, मला मूळ पद्धतीविषयीच शंका आहे. तुम्ही लोक जीनोमभर लाखो जागा तपासता आणि सर्वांत टोकाच्या १ टक्का जागांना "निवडीच्या खुणा" म्हणता. निवड कधीच झाली नसती तरी टोकाच्या १ टक्का जागा निघाल्याच असत्या! वर्गात पहिला क्रमांक नेहमीच कोणाचा तरी येतो, त्यावरून तो मुलगा हुशार होता हे सिद्ध होत नाही.

पारंबी

मध्यमपद, तुमची शंका अगदी वर्मावर बोट ठेवणारी आहे, आणि आमच्या क्षेत्राने या चुकीची किंमत मोजली आहे. दोन उदाहरणे जरा सविस्तर देते.

फॉक्सपी२ हे सातव्या गुणसूत्रावरील जनुक बिघडले तर बोलण्यात गंभीर अडचणी येतात. २००२ मध्ये मोजक्या माणसांच्या डीएनएवरून असा निष्कर्ष निघाला की, गेल्या दोन लाख वर्षांत या जनुकावर जोरदार निवड झाली. माणसाला वाचा कशी आली याचे उत्तर सापडले, म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला आणि पाठ्यपुस्तकांतही ते उतरले. मग २००७ मध्ये निअँडरथल या लुप्त मानवगटाच्या हाडांतही प्रथिनाचे तेच दोन बदल सापडले आणि काळाचे गणित डळमळले. शेवटी २०१८ मध्ये कितीतरी अधिक आणि विविध लोकांच्या जीनोमवर तीच कसोटी पुन्हा लावली, तेव्हा निवडीची खूण उरलीच नाही. नमुन्यात कोणत्या खंडाची किती माणसे घेतली, यावर मूळचा संकेत अवलंबून होता. आफ्रिकेबाहेर पडलेल्या लोकसंख्या झपाट्याने वाढल्या, आणि अशा वाढीमुळे दुर्मीळ रूपांची जी गर्दी होते, ती निवडीनंतर होणाऱ्या गर्दीसारखीच दिसते.

दुसरे उदाहरण उंचीचे. उंची एका जनुकाची नसते, शेकडो-हजारो जागांचा प्रत्येकी तीळभर वाटा असतो. २०१२ पासून एकामागून एक शोधनिबंध सांगत होते की, उत्तर युरोपात उंची वाढवणारी रूपे दक्षिणेपेक्षा अधिक आहेत आणि हे निवडीमुळे झाले. मीही तेव्हा यावर विश्वास ठेवला होता, किंबहुना इतरांना समजावूनही सांगितला होता. मग यूके बायोबँक या ब्रिटनमधील माहितीसाठ्याची सुमारे पाच लाख लोकांची माहिती हाती आली. २०१९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की, या अधिक एकजिनसी नमुन्यावरून वाटे नव्याने काढले की तो निवडीचा संकेत बहुतांशी विरून जातो. आधीच्या अभ्यासांत अनेक देशांची माहिती एकत्र केली होती, आणि उत्तर-दक्षिण वंशभेदाचा थोडासा अंश प्रत्येक जागेच्या मोजमापात मिसळून राहिला होता. एका जागेवर तो नगण्य होता. हजार जागांची बेरीज केल्यावर तोच निष्कर्ष होऊन बसला.

म्हणून नुसती टोकाची यादी करून आता भागत नाही. ती लोकसंख्या किती होती, कधी आटली, कधी फुगली, कोणात मिसळली, याचे प्रतिरूप संगणकावर चालवून, निवड नसताना किती टोकाच्या जागा निघाल्या असत्या हे आधी पाहावे लागते. त्यातच हानिकारक उत्परिवर्तने सतत झाडून काढली जात असल्यामुळेही जनुकांभोवतीची विविधता घटते आणि निवडीचा भास होतो. खरे तर निवडीचे नेहमीचे काम हे झाडू मारण्याचेच आहे. नवे काही पसरवणे हे क्वचितचे. २०११ मध्ये एका अभ्यासाने, एका नव्या उत्परिवर्तनाने बाकी साऱ्या रूपांना पुसून टाकल्याच्या घटना माणसाच्या अलीकडच्या इतिहासात विरळच होत्या, असे दाखवले.

तरीही काही उदाहरणे तावूनसुलाखून उभी राहतात. तिबेटमधील लोकांत ईपीएएस१ या जनुकाचे एक रूप ८७ टक्के आहे, तर त्यांच्या जवळच्या हान चिनी लोकांत ९ टक्के. २०१० मध्ये एकाच सुमारास वेगवेगळे गट याच जनुकापाशी पोहोचले. उंचावरील विरळ हवेत हिमोग्लोबिन वाढून रक्त दाट होते, ते या रूपामुळे आटोक्यात राहते. या दोन लोकसंख्यांचे बाकीचे जीनोम इतके सारखे आहेत की, ८७ आणि ९ मधील अंतर ड्रिफ्टच्या खात्यावर टाकता येत नाही. आणि २०१४ मध्ये कळले की, हा तुकडा डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाकडून आलेला आहे. करंगळीच्या एका हाडामुळे ज्यांची ओळख पटली, त्यांची ही ठेव.

भूलवाला

मी भूलतज्ज्ञ आहे, सध्या हैदराबादेत असतो. धाग्याच्या सुरुवातीच्या व्हॉट्सअ‍ॅप मजकुराला माझ्याकडे नेमके उत्तर आहे. श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी स्नायू सैल करण्यासाठी सक्सिनिलकोलिन देतात. रक्तातील एक विकर ते फोडते आणि पाच-दहा मिनिटांत रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागतो. ज्यांच्यात हे विकर जवळजवळ नसते, ते तासन् तास निपचित पडून राहतात. छाती हलत नाही, पापणी हलत नाही, नाडी मात्र व्यवस्थित असते. व्हेंटिलेटरवर शांतपणे वाट पाहिली की आपोआप बरे होतात, पण माहिती नसेल तर शस्त्रक्रियागृहात सर्वांची पाचावर धारण बसते. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात हे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी पट आहे. त्यामुळे येथील भूलतज्ज्ञ समाज विचारतात, आणि घरात कोणाला भूल दिल्यावर शुद्धीवर यायला वेळ लागला होता का, हेही विचारतात.

आता सांगा, हे रूप त्या समाजात "जास्त आढळते" ना? मग निसर्गाने ते कशासाठी निवडले असेल? सक्सिनिलकोलिन तर विसाव्या शतकातले औषध!

पारंबी

हे उदाहरण मामांना जसेच्या तसे पाठवते. वैश्य समाज आज लाखोंच्या संख्येत आहे, पण तो थोड्या मूळ पूर्वजांपासून वाढला आणि शंभरेक पिढ्या आपापसांतच लग्ने करत राहिला. त्या मूठभर पूर्वजांपैकी कोणाकडे जे होते, ते आज समाजभर आहे. चांगले म्हणून नव्हे, त्यांच्याकडे होते म्हणून. २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ८१ गटांत हा संस्थापक-परिणाम फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही तीव्र निघाला, आणि त्यांतील चौदा गट तर दहा लाखांहून मोठे होते. भारतात निवड शोधणे म्हणूनच इतके कठीण आहे. येथे प्रत्येक जातीत काही ना काही "जास्त आढळणारच".

दोहोंत फरक करण्याचा एक मार्ग आहे. संस्थापक-परिणाम साऱ्या जीनोमवर सारखाच उमटतो, म्हणजे त्या समाजात शेकडो असंबद्ध जागांवरही अशीच वेडीवाकडी प्रमाणे दिसतात. निवड मात्र एकाच जागी उठून दिसते.

ह्यूस्टनकर

एक पुरवणी. निवडीच्या अभ्यासांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या १००० जीनोम प्रकल्पात २६ लोकसंख्या आहेत. दक्षिण आशियाच्या पाच, त्याही अशा: ह्यूस्टनमधील गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातील बंगाली, आणि ब्रिटनमधील श्रीलंकन तमिळ व भारतीय तेलुगू. मराठी भाषक एकही नाही, आणि आदिवासी तर नाहीतच. मी राहतो त्या शहरातील गुजराती शेजाऱ्यांवरून डॉक्टरांच्या गडचिरोलीतील गोंड-माडियांविषयी अनुमान काढणे म्हणजे धाडसच. जीनोम इंडिया प्रकल्पात देशातील दहा हजार लोकांचे जीनोम वाचले गेले आहेत, त्यामुळे ही कसर काही अंशी भरून निघेल.

वैनगंगाकाठ

मग माझा प्रश्न अधिकच टोकदार होतो. आमच्याकडील आदिवासी समाजही लहान आणि आपापसांत लग्ने करणारे आहेत. येथील सिकल सेलचे प्रमाण हाही वैश्यांसारखा संस्थापक-परिणामच कशावरून नसेल?

पारंबी

एखाद्या एकाच समाजाचे आकडे समोर ठेवले, तर ती शक्यता मी नाकारू शकणार नाही. एका गावात ८ टक्के आणि पलीकडच्या गावात २० टक्के असेल, तर त्या दोन आकड्यांतील फरकात ड्रिफ्टचा हात नक्कीच आहे. पण ड्रिफ्टला नकाशा वाचता येत नाही. तो एका समाजात प्रमाण वाढवील, तर दुसऱ्यात तेच रूप बुडवील. येथे मात्र भाषेने आणि वंशाने एकमेकांपासून दूर असलेले कितीतरी समाज, गुजरातच्या भिल्लांपासून नीलगिरीच्या जमातींपर्यंत, मलेरियाग्रस्त जंगलपट्ट्यात तेच रूप बाळगून आहेत, आणि बहुतेकांत ते एकाच शेजारी अक्षरांसह येते, ज्याला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. म्हणजे रूप एकदाच आले आणि समाजासमाजांत पसरले. दोन्ही प्रती एकत्र आल्या की जुन्या काळी मूल बहुधा दगावे, असे रूप निव्वळ योगायोगाच्या भरवशावर इतक्या ठिकाणी, इतक्या पिढ्या टिकत नाही. काहीतरी त्याला सतत वर ढकलत असले पाहिजे.

याच हॅप्लोटाइपमुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी शिल्लक राहते आणि आजार आफ्रिकेतील काही प्रकारांपेक्षा सौम्य असतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तुमचा अनुभव काय आहे?

वैनगंगाकाठ

सर्वसाधारणपणे खरे आहे, पण आमच्याकडे त्याच हॅप्लोटाइपची मुले वर्षातून चार-चार वेळा वेदनेने तळमळत दाखल होताना मी पाहिली आहेत, आणि त्यांचीच सख्खी भावंडे, तीही रुग्णच, तपासणीपर्यंत आपल्याला काही आजार आहे हे जाणतसुद्धा नव्हती. पुढच्या फेरीत अशा भावंडांच्या जोड्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवतो. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचा आकडा एचपीएलसीच्या कागदावर येतोच, आजवर आम्ही तो नुसता फाइलला लावत होतो.